घरात चार लाखाची एफडी असताना आबा १४ टक्क्यांनी कर्ज का काढतायत?

कराडचा_पोरगा

नमस्कार. विषय आमच्या घरातला आहे पण हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे की मानसशास्त्राचा तेच मला कळेना म्हणून इथे टाकतोय.

आमचा वरचा स्लॅब दोन पावसाळे गळतोय. यंदा वॉटरप्रूफिंग आणि वरच्या खोलीचं काम धरून तीन लाखाचं एस्टिमेट आलंय. आबा (माझे वडील) दूध संघात नोकरीला आहेत, अजून चार वर्षं सर्व्हिस आहे. त्यांची बँकेत चार लाखाची एफडी आहे, ७ टक्के व्याज. एवढं असताना ते एका पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी तीन लाख कर्ज काढायला निघालेत, तीन वर्षांच्या मुदतीनं. फॉर्म भरून झालाय, दोन जामीनदारही तयार आहेत.

मी एम.कॉम. करतोय. मी वहीत मांडून दाखवलं की आबा, ७ टक्के मिळतायत आणि १४ टक्के द्यायचेत, हा कसला व्यवहार. तर ते म्हणाले पतसंस्थेतल्या माणसानं हिशोब करून दिलाय, कर्जावर तीन वर्षांत ६९ हजार व्याज जातं आणि तेवढ्याच रकमेच्या एफडीवर तीन वर्षांत ६९ हजारच मिळतं, म्हणजे फिट्टंफाट. मी रात्री बसून ताडून बघितलं, आकडे खरंच बरोबर आहेत! हप्ता १०,२५३ बसतो, ३६ हप्त्यांचे ३ लाख ६९ हजार होतात, आणि ३ लाखाची एफडीही तीन वर्षांत तेवढीच होते. पण तुलनाच चुकीची आहे ना, कारण हप्ता आबा महिन्याच्या पगारातून भरणार. तीन लाखाची एफडी मोडून काम केलं आणि तेच १०,२५३ दर महिन्याला ७ टक्क्यांच्या आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) टाकले तर तीन वर्षांनी ४ लाख ९ हजाराच्या आसपास जमतात. म्हणजे जवळजवळ ४० हजाराचा तोटा आबा डोळ्यादेखत पत्करतायत.

हे पण समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती एफडी चिऊच्या लग्नाची आहे, तिला हात लावायचा नाही." चिऊ म्हणजे माझी धाकटी बहीण, आत्ता अकरावीत आहे. आईनं कपाटातून पावती काढून दाखवली, तिच्या मागे निळ्या पेनानं लिहिलंय "चिऊ लग्न". त्यावर पुढं बोलताच येईना.

पैसा तर सगळा एकसारखाच असतो ना? आमच्या पुस्तकात माणूस फायदा-तोटा तोलून निर्णय घेतो असं शिकवतात, मग माझे आबा, जे दुधाच्या फॅटचा पॉइंट पॉइंट मोजतात, ते इथं असं का करतात? यावर कुणी अभ्यास केलाय का? आणि मी त्यांना कसं समजावू?

---

मृण्मयी_पुणे

अभ्यास झालाय आणि भरपूर झालाय. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, हा माझ्या फार जवळचा विषय आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या आईनं पावतीच्या मागे जे लिहिलंय त्याला अर्थशास्त्रात नाव आहे, मेंटल अकाउंटिंग, म्हणजे मनातली खातेवही. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये यावर लेख लिहिला आणि २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते अशाच कामासाठी. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकात पैसा एकसारखा असला तरी माणसाच्या डोक्यात तो वेगवेगळ्या डब्यांत असतो. किराण्याचा वेगळा, दिवाळीचा वेगळा, बोनसचा वेगळा, लेकीच्या लग्नाचा वेगळा. एका डब्यातला दुसऱ्यात टाकायला मन तयार होत नाही, मग त्यापायी व्याज गेलं तरी चालेल.

याचा एक छोटा प्रयोग मी दरवर्षी वर्गात घेते. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये छापलेला आहे. समजा तुम्ही नाटकाला निघालात, तिकीट १० डॉलर. थिएटरपाशी कळलं की खिशातली १० डॉलरची नोट कुठेतरी पडली. तरी तिकीट काढाल का? ८८ टक्के लोक हो म्हणाले. आता समजा तिकीट आधीच काढलेलं होतं आणि तेच हरवलं, दुसरं काढाल का? इथे फक्त ४६ टक्के हो म्हणाले. खिशातून दोन्ही वेळा दहाच डॉलर गेलेत! पण नोट हरवली ती वरखर्चाच्या खात्यातून, आणि तिकीट हरवलं ते नाटकाच्या खात्यातून, आता त्या एका नाटकाला वीस पडणार, ते मनाला महाग वाटतं.

याच दोघांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं असतं. पुढे १९९२ च्या लेखात त्यांच्या मोजणीत ते साधारण सव्वादोन पट आलं. काहनेमन यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं, मूळचे मानसशास्त्रज्ञ असून. ट्वर्स्की १९९६ लाच गेले नाहीतर तेही शेजारी उभे असते असं मला कायम वाटतं.

आता आबा. तुम्ही म्हणता ४० हजाराचा तोटा. पण त्या हिशोबात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीये, की एफडी मोडल्यावर आबा दर महिन्याला १०,२५३ रुपये आरडीत न चुकता टाकतील. ते टाकतील का? हे तुम्ही त्यांना विचारलंत का? वाद घालू नका, नुसतं विचारून बघा.

---

पिग्मी_एजंट_इचलकरंजी

मॅडमनी शेवटी विचारलंय त्याचं उत्तर मी देतो. मी १९ वर्षं पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करतोय. रोज संध्याकाळी साडेसहापासून दीडशे दुकानं.

बाळा, तुझ्या पुस्तकाच्या हिशोबानं माझा धंदा चालायलाच नको. पिग्मीवर व्याज ते काय, साध्या एफडीच्या निम्मं सुद्धा नाही. वर्षाच्या आत काढली तर उलट कापून मिळते. आणि दुकानदारांना हे सगळं माहितीये, ती लोकं पैशाच्या बाबतीत तुझ्या-माझ्यापेक्षा हुशार आहेत. तरीपण एक चहावाला आहे, मी स्टँडच्या कोपऱ्यावर वळलो की गल्ल्यातून शंभर-शंभरच्या दोन नोटा काढून बरणीखाली सरकवतो. मी पोचेपर्यंत बरणीखाली असतात. एकदा मी विचारलं, शेठ आता मोबाईलवरून तुम्हीच टाकत जावा की बँकेत, माझी वाट कशाला बघता, व्याज पण जास्त पडेल. तर म्हणाला, "तुम्ही दारात आला की द्यावंच लागतंय. मोबाईल काय दारात येऊन उभा राहतोय व्हय."

लॉकडाऊनमध्ये दोन-अडीच महिने माझी फेरी बंद होती. त्यातल्या किराणावाल्यांची, दूधवाल्यांची दुकानं तर चालूच होती, धंदा जोरात होता. सुरू झाल्यावर गेलो तर माझ्या गिऱ्हाईकांपैकी हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांनीच मधल्या दिवसांचे पैसे बाजूला ठेवले होते. बाकीच्यांचे कुठं गेले त्यांनाच सांगता येईना. उधळले नव्हते कुणी, घरातच लागले.

म्हणून सांगतो, तुझ्या आबांना स्वतःची ओळख आहे. एफडी मोडली की परत भरायला कुणी दारात येत नाही. पतसंस्थेचा हप्ता चुकला तर दोन जामीनदारांच्या घरी फोन जातो, गावात तोंड दाखवायचं असतं. तो हप्ता जाणार म्हणजे जाणारच. चाळीस हजार ही त्या शिस्तीची किंमत आहे. जास्त आहे हे मान्य, पण फुकट जात नाहीत.

---

मृण्मयी_पुणे

काका, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

तुमच्या चहावाल्यासारखा प्रयोग फिलिपिन्समध्ये झालाय, २००६ मध्ये छापून आला. तिथल्या एका बँकेनं काही खातेदारांना असं खातं देऊ केलं की स्वतःचेच पैसे ठरलेली तारीख किंवा ठरलेली रक्कम येईपर्यंत काढता येणार नाहीत. व्याज जास्त नाही, काही नाही, नुसतं कुलूप. ज्यांना विचारलं त्यातल्या २८ टक्क्यांनी ते घेतलं! जुन्या अर्थशास्त्राप्रमाणे एकानंही घ्यायला नको, कारण स्वतःचा हात स्वतःच बांधून घेण्यात फायदा कसला.

आणि थेलर आणि बेनार्त्झी यांनी अमेरिकेत एका कंपनीच्या कामगारांना सांगितलं की आत्ता एक पैसाही कापू नका, पुढच्या पगारवाढीपासून वाढीतला थोडा भाग आपोआप पेन्शन खात्यात जाऊ दे, नको वाटलं तर कधीही बंद करा. ज्यांनी हे घेतलं त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. माणसं तीच होती, फक्त हातात आलेलं कमी होतंय असं कधी वाटलंच नाही कारण कापलं गेलं ते अजून हातात न आलेल्या वाढीतलं.

---

उसाचा_फड

वाळवा तालुक्यातला आहे, साडेतीन एकर ऊस. पिग्मीवाल्या काकांशी सहमत पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. शिस्त बिस्त ठीक आहे पण डोकं जागेवर असायला पण पैसा लागतो.

आडसाली ऊस असला की लागणीपासून तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने. कायद्यानं तोडल्यावर १४ दिवसात एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) मिळायला पाहिजे, मिळते कधी ते इथं सगळ्यांना माहिती. तोडीच्या आधीचे दोन महिने मी वेगळाच माणूस असतो. सोसायटीचं कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, पोराची फी, रात्री अडीचला उठून मोटर चालू करायला गेलं तरी डोक्यात हेच. त्या काळात मी घेतलेले सगळे व्यवहार वाईट आहेत. खत उधारीवर महाग घेतलं, एकदा चांगली म्हैस पडत्या भावात दिली, पीक विम्याची तारीख चुकली ती पण तेव्हाच. बिल जमा झालं की पंधरा दिवसात मलाच कळत नाही की मी असं का केलं.

मला वाटायचं हा माझाच दोष. मग एकदा वाचनात आलं की तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरच अभ्यास झालाय, २०१३ ला सायन्स मासिकात आला. ५४ गावं, ४६४ शेतकरी. तोडीच्या आधी आणि तोडीनंतर त्याच माणसांची बुद्धीची चाचणी घेतली, ती आकृत्या जुळवायची असते तसली. तोच शेतकरी तोडीनंतर जास्त चांगला सोडवतो! नंतर त्या अभ्यासावर आकडेमोडीवरून वादही झाले म्हणे, ते तज्ज्ञांनी बघावं, पण मला ते वाचून हलकं वाटलं होतं एवढं खरं. बायकोला पण वाचून दाखवलं.

तवापासून मी एकच केलं. बिल जमा झालं की त्याच आठवड्यात पुढच्या लागणीच्या खताचे पैसे भरून टाकायचे, पोती नंतर उचलायची. केनियात पण हेच करून बघितलंय, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सोबतच्यांनी. मक्याच्या काढणीनंतर लगेच, म्हणजे हातात पैसा असताना, शेतकऱ्यांना सांगितलं की आत्ता खताचे भरा, पोचवायचं भाडं आम्ही देतो. पेरणीच्या वेळी सवलत देण्यापेक्षा याचा फायदा जास्त झाला. सवलत मोठी नव्हती, वेळ बरोबर होती. डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी यांना २०१९ ला नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे आमच्या गावात कुणाला माहिती नाही, मी सांगत असतो.

भावा, सांगायचं एवढंच की गळका स्लॅब डोक्यावर असताना आबांनी निर्णय घ्यायचाय. रात्री पाऊस आला की बादल्या मांडायला तेच उठत असतील. त्यांना वहीतला हिशोब दाखवायची वेळ तरी चांगली निवड.

---

परत_उभा

मला इथे थोडं थांबवावंसं वाटतं. मनातली खाती प्रत्येक वेळी माणसाला सांभाळतात असं नाही. माझं उलट झालं.

मी २०२१ ते २०२३ ऑप्शन ट्रेडिंग केलं, म्हणजे शेअर बाजार वर जाईल की खाली यावर लावायचे सौदे. सुरुवातीला ४० हजार गेले. तेव्हाच बंद करायला हवं होतं, पण खातं तोट्यात बंद करायचं म्हणजे हरलो असं स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं, ते होईना. ४० हजार परत आले की थांबतो असं म्हणत म्हणत ६ लाख घालवले. त्या दोन वर्षांत माझ्याकडे काही चांगले शेअर होते ते जरा वर गेले की मी विकले, आणि जे पडले ते धरून बसलो, "माझ्या भावाला आला की विकतो" असं म्हणत. शेअरला काय माहिती माझा भाव कुठला?

यालाही नाव आहे, डिस्पोझिशन इफेक्ट. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये मांडलं आणि टेरन्स ओडियन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची १० हजार खाती तपासून १९९८ मध्ये दाखवलं की लोक फायद्यातलं पटकन विकतात आणि तोट्यातलं जपतात. आपल्याकडे सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार केले, त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आणि मला सगळ्यात लागलेली ओळ ही की तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक पुन्हा पुन्हा तेच करत राहिले. ती ओळ वाचताना मला माझाच चेहरा दिसला.

म्हणजे जो स्वभाव आबांकडून एफडी राखून घेतो तोच स्वभाव माझ्याकडून तोटा राखून घेत होता. फरक मला एवढाच दिसतो की आबांनी डबा बंद केला तेव्हा ते शांत होते, पावतीमागे लिहायला पेन हातात होतं. मी माझा डबा बाजार चालू असताना, साडेनऊच्या सुमाराला, घाम फुटलेला असताना बनवला. कुणी आत्ता त्यात असेल तर प्लीज घरी सांगा. मी बायकोला सांगितलं त्या रात्री पहिल्यांदा झोपलो.

---

उसाचा_फड

दादा, लिहिलंत ते मोठं काम केलंत.

---

काउंटर_नंबर_३

बँकेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. चर्चा छान चालू आहे पण फॉर्म भरून झालाय म्हणताय तर आधी व्यवहाराचं बघा.

मुदत ठेवीवर कर्ज मिळतं! एफडी मोडायची नाही, त्याच बँकेत जायचं. बहुतेक बँका ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. जामीनदार लागत नाही, सही केली की बहुधा त्याच दिवशी. तुमच्या केसमध्ये एक टक्का जास्त धरला तर ८ टक्के. आबांनी तोच १०,२५३ चा हप्ता भरला तर तीन लाख ३३ व्या हप्त्यातच फिटतात, पतसंस्थेपेक्षा साधारण ३४ हजार कमी जातात, आणि चिऊची एफडी जागच्या जागी व्याज खात बसते.

एक धोका आहे, तो मी काउंटरवर फार बघितलाय. अशा कर्जाला बऱ्याचदा ठरलेला हप्ता नसतो. माणूस म्हणतो भरू सावकाश, व्याज चढत जातं आणि शेवटी ठेवीतूनच वळतं होतं. पिग्मीवाले म्हणतात तेच. त्यामुळे पहिल्याच दिवशी पगाराच्या खात्यातून कर्जखात्यात दर महिन्याला १०,२५३ जाण्याची स्थायी सूचना लिहून द्या. फॉर्म एका पानाचा आहे. तेवढं केल्याशिवाय काउंटर सोडू नका.

---

कराडचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात बोलणं चालू होतं.

मृण्मयी मॅडम, तुम्ही म्हणालात तसं नुसतं विचारलं. रविवारी सकाळी, पाऊस नव्हता, आबा ओसरीवर दाढी करत होते. विचारलं की एफडी मोडली असती तर महिन्याला दहा हजार परत भरले असते का. ब्रश धुतला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या इंजिनिअरिंगसाठी एक ठेवली होती. आजीच्या ऑपरेशनला मोडली. भरू भरू म्हणत राहिलो. तू बी.कॉम. केलंस." मला हे माहितीच नव्हतं. मला इंजिनिअरिंगला जायचंच नव्हतं, कॉमर्स मी आवडीनं घेतलं, पण त्यांच्या मनात ते सात वर्षं तसंच बसलेलं आहे. मी तेवढं तरी त्यांना स्पष्ट सांगितलं. आणि वहीतले चाळीस हजार त्यांना दाखवताना मी काय बोललो होतो ते आठवून मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी आम्ही दोघं बँकेत गेलो. ठेवीवर कर्ज मंजूर झालं, ८ टक्क्यांनीच, स्थायी सूचनेचा फॉर्म पण दिला, दर महिन्याच्या ५ तारखेची. पतसंस्थेचा फॉर्म आबांनी स्वतः जाऊन परत घेतला, जामीनदारांना चहा पाजला.

अडचण आली ती वेगळीच. बँक म्हणाली मूळ पावती कर्ज फिटेपर्यंत इथे जमा राहील. आबा तयार झाले पण घरी आल्यावर आई गप्प. ती पावती कपाटात नसणं हेच तिला सहन होईना, पैसे बँकेतच आहेत हे तिला आमच्या इतकंच कळतं तरीपण. मग मी परत जाऊन झेरॉक्स काढून आणली. आईनं तिच्या मागे परत लिहिलं "चिऊ लग्न" आणि कपाटात होती तिथे ठेवली. काल चिऊनं ती बघितली आणि म्हणाली त्यात शिक्षण पण लिही, मला पुण्याला शिकायला जायचंय. त्यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.

---

पिग्मी_एजंट_इचलकरंजी

चिऊचं ऐका. आणि पगार १ तारखेला होत असेल तर सूचना ५ ची कशाला, २ ची करून घे. अर्ज परत द्यावा लागेल, देऊन टाक.